दोन सोमवारांची पाणीपातळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नदी वाचवण्याच्या चळवळीतल्या सोबत्यांना तर नाहीच. दुसऱ्यांची नावं घेऊन पत्रकं लिहायची सवय मला शाळेपासूनची — स्वतःबद्दल ही एक गोष्ट लिहायला मात्र सहा वर्षं लागली.

जलविज्ञान शिकत होते तेव्हा प्रबंधासाठी मी कर्जतच्या डोंगरपायथ्याची एक ठाकरवाडी निवडली. दर सोमवारी चढून जायचं, पोलादी टेपच्या टोकाला खडू फासून ती विहिरीत सोडायची. खडू जिथवर भिजला, तिथवर पाणी. वाडीतली हिराबाई शेजारी उभी राहून हसायची. "मापून पानी वाढतंय का गं पोरी? वाढत असंल तं रोज येऊन माप!" मी वहीत आकडा लिहायचे. त्या आकड्यांची प्रत टँकर ठरवणाऱ्या कार्यालयात जायची — हे मला ठाऊक होतं.

मे महिन्यातले दोन सोमवार मी गेले नाही. पहिल्या सोमवारी खोपोलीत नदी वाचवण्यासाठी सभा होती, पत्रक माझं होतं. आणि दुसऱ्या? — ऊन होतं. कंटाळा आला. घरी बसून आधीच्या आकड्यांवरून सरळ रेघ ओढली आणि दोन्ही रकाने भरले. आमच्या काळ्या खडकातली विहीर रेघेवर उतरत नाही. फटींमधलं पाणी संपलं की आठवड्यात तळ दिसतो. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. मग रकाने भरताना आठवलं नाही का? आठवलं होतं.

माझ्या वहीत विहिरीला कमरेएवढं पाणी होतं, म्हणून टँकर आला नाही. हिराबाई वाटीने पाणी खरवडायला तळाशी उतरली आणि वर येताना दगडावरून निसटली. कंबर मोडली.

वाडीची माणसं कार्यालयात गेली. "कागदावर पाणी आहे," एवढंच तिथला कारकून म्हणाला. कागद कुणाचा, ते कुणी विचारलं नाही. मी सांगू शकले असते — तिथेच उभी होते. त्याऐवजी घरी येऊन पत्रक लिहिलं. खोटे आकडे लिहिणाऱ्याला जाब विचारणारं, त्या कारकुनाचं नाव घालून. पुढे त्याची बदली झाली. आम्ही त्याला विजय म्हटलं. हिराबाई अजून चालत नाही.

पत्रक छापून आलं त्याच दिवशी मी ते तिच्याकडे घेऊन गेले होते. ती खाटेवर होती, भोवती बायका. ती म्हणाली, "आमाला कुठं वाचता येतंय? तूच वाच गं, मोठ्यानी."

मी वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकदाही न अडखळता. संपल्यावर तिने माझा हात हातात घेतला — आणि मी तो घेऊ दिला.