करी रोडची पूजा आणि न संपणारे सत्कार

गेल्या शनिवारी करी रोडच्या एका चाळीत आमच्या बँडचा कार्यक्रम होता. चाळीची वर्षाची सत्यनारायणाची पूजा, आणि पूजेनंतर चौकात गाणी. आम्ही नाशिकचे पाच जण. मी गिटारवाला, वर मॅनेजरही मीच, म्हणजे शिव्या खायला हक्काचा माणूस...

बाहेरगावी जाऊन वाजवणाऱ्यांनो, हे खास तुमच्यासाठी. स्टेज केवढं, लाइट कुठून घ्यायची, टेम्पो कुठे लावायचा, जेवणाचं काय... हे सगळं मी आठवडाभर आधी विचारलं होतं. सत्कार किती आहेत, हे तेवढं विचारायचं राहिलं. आणि तिथेच माशी शिंकली!

कार्यक्रम साडेसातला. दहाला स्पीकर बंद, त्यात कुणाची दयामाया नाही. साउंडचेक झकास झाला, आम्ही तयार होऊन उभे... आणि माइक गेला चाळीचे सेक्रेटरी नाना यांच्या हातात. तो काही परत येईना.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण आमची गायिका रेश्मा याच चाळीत वाढलेली. दोन वर्षांपूर्वी बँकेतली नोकरी सोडून ती बँडमध्ये आली, तेव्हापासून तिचे बाबा तिच्याशी कामापुरतंच बोलतात. तिचं गाणं त्यांनी एकदाही ऐकलेलं नाही. आईने मोबाइलवर लावलं की ते उठून गॅलरीत जातात.

आणि त्या दिवशी ते समोर होते. पोरीसाठी नाही हं, पूजेसाठी... मागे जिन्यापाशी उभे, खांद्याला डब्याची पिशवी. शिवडीच्या गोदामात रात्रपाळी असते त्यांची, साडेनऊला निघावंच लागणार. म्हणजे रेश्माला जे काही गाऊन दाखवायचं होतं, ते त्याच्या आत.

इकडे सत्कार चालूच. मंडपवाल्यांचा झाला, भांडी देणाऱ्यांचा झाला. दहावीत चाळीत पहिली आलेल्या मुलीचा, तिच्या क्लासच्या सरांचा, मग सरांच्या मिसेसचा... शाल, श्रीफळ, फोटो. एकदा तर फोटो हलला म्हणून शाल काढून परत घालायला लावली! माझ्या डोक्याची पार मंडई झाली होती.

मी नानांच्या कानाशी जाऊन म्हटलं, साडेआठ वाजले हो. "दोनच राहिलेत रे भावा, टेन्शन नको घेऊ." हे त्यांनी मला तिसऱ्यांदा सांगितलं होतं. ते दोन काही संपत नव्हते.

रेश्मा स्टेजच्या कडेला माझा हात घट्ट धरून उभी. "एकच गाणं झालं तरी चालेल रे... फक्त बाबा जायच्या आत."

नऊ वाजले आणि माझं डोकं सटकलं. चला रे, वायरी काढा, आपण निघू... असं मी चांगलं ओरडून म्हटलं. रेश्माने मला मागे खेचलं. "माझी चाळ आहे ती. तमाशा करू नकोस, प्लीज." मी हातातली वायर परत खोचली, पण आतून नुसता धुमसत होतो.

तिकडे बाबांनी घड्याळ बघितलं. पिशवी सारखी केली. मी रेश्माकडे बघायचंच टाळलं...

तेवढ्यात नाना म्हणाले, "आता शेवटचा सत्कार. इतकी वर्षं आपल्या पूजेचा शिरा करणारे, आपले सावंत!"

घ्या! म्हणजे रेश्माची उरलीसुरली वेळ आता तिच्या बापाचाच सत्कार खाणार. मला हसावं की रडावं कळेना.

सावंतकाका नको नको म्हणत वर आले. पिशवी खांद्यालाच. शाल पडली, नारळ हातात आला, आणि नानांनी सवयीने माइक पुढे केला... बोला दोन शब्द. काकांनी दोनदा मान हलवली. नाना कसले ऐकतायत!

शेवटी काकांनी माइक घेतला. ते त्यांच्या मालवणीत म्हणाले, "माका बोलूक येत नाय. माझे काय दोन शब्द आसत ते माझा चेडू गावन दाखवतला."

चेडू म्हणजे मुलगी, एवढं मलाही कळलं. त्यांनी सरळ येऊन माइक रेश्माच्या हातात दिला. घड्याळ बघितलं. "माझी पाळी आसा. धा मिन्टां आसत. गा."

नाना काहीतरी बोलायला गेले, पण चाळीने इतक्या टाळ्या वाजवल्या की त्यांचा आवाज बुडाला. पहिल्या ओळीत रेश्माचा आवाज चिरकला, माझी कॉर्ड चुकली... पण ती थांबली नाही. काका स्टेजच्या पायरीशी नारळ घेऊन उभे, मान खाली. अख्खं गाणं ऐकलं, आणि काही न बोलता निघून गेले.

पुढचा अर्धा-पाऊण तास आम्ही वाजवलं. लोक नाचले, मजा आली. पण रेश्माचं लक्ष नव्हतं. आवडलं नसेल का रे, असं तिने मला दोन गाण्यांच्या मधे विचारलं. मी उगाच गिटार ट्यून करत राहिलो.

सामान टेम्पोत भरताना तिच्या फोनवर मेसेज आला. तिला कधीच मेसेज न करणाऱ्या बाबांचा. तिने वाचला आणि तिथेच स्पीकरच्या खोक्यावर बसून हमसाहमशी रडायला लागली. मी घाबरून फोन घेतला.

"आवाज बरो आसा. पुढचो कार्यक्रम खंय? रजा टाकतंय."

सोलापूरला आहे, काका. पहिल्या रांगेतली खुर्ची मी स्वतः धरून ठेवतो. तुम्ही फेसबुकवर नाही, हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही... तरीही, मनापासून थँक्यू.