अक्का आणि काचेची तार

अक्का रोज पहाटे जिना झाडायच्या, पण अर्धाच. चौदा पायऱ्यांपैकी खालच्या सात. आमच्या आठव्या पायरीवरची धूळ त्यांच्या सातवीवर आली, तर ती पुन्हा वर ढकलून झाडू आपटायच्या. मी त्यांची धाकटी जाऊ. सतरा वर्षं मी त्या आपटण्याने जागी होत आले.

शुक्रवार पेठेतलं आमचं घर अरुंद. खाली थोरले दीर आणि अक्का, मधे आम्ही, गच्चीवर एक खोली. सासूबाई गेल्या आणि महिन्याभरात चुली वेगळ्या झाल्या. अक्का मैंदर्गीच्या, रागावल्या की अर्धं कानडीत बोलायच्या. आपलं म्हणणं संपलं की वाद 'साकु' म्हणून मिटवायच्या. साकु म्हणजे पुरे. मग समोरचा कितीही बोलो, त्या भिंतीकडे बघत बसायच्या. माझे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर. घरातला नळ, पंखा मीच दुरुस्त करायची. 'फिटराची पोरगी' एवढ्याच नावाने त्या माझा उल्लेख करायच्या. मीही काही कमी नव्हते. त्यांच्या माहेरचं माणूस जिन्यात भेटलं, तर मी मान वळवून वर जायची.

मी गच्चीवरच्या खोलीत बसून दवाखान्यांचे रिपोर्ट टाइप करते. इंटरनेटचा डबा मात्र अक्कांच्या बैठकीत, कारण कनेक्शन दिरांच्या नावावर. दोन स्लॅब ओलांडून वायफाय वर पोचेना, म्हणून मी बाहेरच्या भिंतीवरून साधी तांब्याची वायर ओढली. वळवाच्या पावसात जवळच वीज पडली, वायरीतून झटका आत आला आणि डबा जळाला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं. त्या दिवशी अक्का सातव्या पायरीपर्यंत चढल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "तुझ्या वायरीतनं आमच्या घरात मरण आणू नगंस."

मी चिडून काचेच्या तारेच्या मागे लागले. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. रस्त्याखालून मोठ्या कंपन्या टाकतात तीच ही तार, पण घरापुरती आता कुणालाही परवडते. दोन महिने व्हिडिओ बघून मी सगळं शिकले. पंचवीस मीटर तार आणि तिच्या दोन्ही टोकांना बसून इंटरनेटचा प्रकाश आणि प्रकाशाचं पुन्हा इंटरनेट करणाऱ्या दोन जुन्या डब्या मागवल्या. नवरा म्हणाला, माणूस बोलवू. मी ऐकलं नाही. हे मला स्वतःच्या हातांनी करायचं होतं, आणि खरं सांगायचं तर अक्कांच्या नाकावर टिच्चून करायचं होतं.

तारेच्या टोकाचं, डबीत खोचायचं टोपण भिंतीतल्या पाइपातून जाईना. ते कापून, तार खाली ओवून, अक्कांच्या बैठकीत नवं टोपण बसवावं लागणार होतं. आतली काच केसासारखी असते. ती कापली की कुसळाएवढा तुकडा उरतो. तो कातडीत शिरला तर दिसतही नाही. म्हणून प्रत्येक तुकडा चिकटपट्टीवर उचलून बाटलीत टाकायचा, हे मी पाठ केलं होतं.

दुपारी मी त्यांच्या फरशीवर बसले. तीनदा टोपण बसवलं, तीनदा प्रकाश वर पोचला नाही. तीन तुकडे बाटलीत गेले. अक्का डोक्याशी उभ्या राहून बोलत होत्या, की फिटराच्या पोरीनं फिटरच बोलवावा, सासूबाई असत्या तर हे चाललं नसतं. सासूबाईंचं नाव निघाल्यावर मी चिडून कटर जोरात दाबला. चौथ्यांदा काच कापली आणि तुकडा उडाला. टोपण बसलं, डबीवरचा हिरवा दिवा लागला. मी खाली वाकून शोधलं. तुकडा दिसेना.

अक्कांनी विचारलं, "समदं उचललंस का?"

मी हो म्हणाले आणि बाटली हलवून दाखवली.

अक्कांना साखरेचा आजार होता, आणि घरात चप्पल घालणं त्यांना पटत नसे. तीन आठवड्यांनी त्या लंगडताना दिसल्या. अंगठ्याखाली बारीकशी जखम होती, ती चिघळत गेली. त्यांनी जिन्यात उभं राहून सगळ्यांदेखत सांगितलं, की ही हिची काच हाय. मी वरून तीच बाटली आणली, ओरडून सांगितलं की सगळे तुकडे यात आहेत, डॉक्टरला विचारा. डॉक्टर म्हणाले, साखरेच्या पायाला काहीही निमित्त पुरतं, आता सांगता येणार नाही. ते वाक्य मी नवऱ्याला, शेजारणीला, सगळ्यांना ऐकवत फिरले. पुढे अंगठा काढावा लागला.

दीर तार उपटायला उठले, तेव्हा अक्का खाटेवरून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. तिला रोज दिसू दे."

मला ते रोज दिसलं. काम करताना वरच्या डबीचा दिवा लुकलुकायचा आणि मी डबीवर फडकं टाकायची. गडगडाट झाला तरी डबा शाबूत राहायचा. ज्याचं कौतुक करून घ्यायचं होतं, ते घरात कुणालाच सांगता येईना.

दिवाळीनंतर दीर आणि अक्का मैंदर्गीला, भावाच्या शेजारी राहायला निघाले. अक्का पुढे तिथेच वर्षभरात वारल्या. निघायच्या दिवशी दीर कुलूप लावत होते आणि त्या रिक्षात एकट्याच बसल्या होत्या, पाय समोरच्या पिशवीवर ठेवून. मी खाली गेले. बोलायचं ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघालं, "अक्का, एक तुकडा सापडला नव्हता. मला तेव्हाच माहीत होतं."

मला वाटलं, त्या शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पाय पिशवीवर नीट ठेवला.

"तवाच सांगितली असतीस," त्या म्हणाल्या, "तर मी चप्पल घातली असती की."

दीर येऊन बसले. अक्कांनी रिक्षावाल्याला निघायला सांगितलं.