दहा हजार शक्यतांचं कुलूप

तुमच्या कुलपाचा आकडा तुम्ही कशावरून ठेवलाय? मला सांगू नका. मनातल्या मनात उत्तर द्या आणि पुढं वाचा.

लोहारा तालुक्यातलं आमचं गाव भूकंपानंतर नव्या जागी वसलं. माझा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला. वडील पाण्याच्या, रस्त्याच्या, शाळेच्या तक्रारींची पत्रकं छापून वाटायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवली. त्यामुळं वाचनालयात तक्रारपेटी हवी, हा हट्ट माझाच होता. नाव न घालता चिठ्ठी टाकायची आणि दर गुरुवारी सगळ्यांसमोर पेटी उघडायची, असं ठरलं.

कुलूप मी उमरग्याहून आणलं. त्याला चार चाकं होती. पहिल्या चाकावर ए ते जे अशी दहा अक्षरं, बाकी तिन्हींवर शून्य ते नऊ. आकडा मी लावला आणि तो फक्त वाचनालय उघडणाऱ्या मामांना सांगितला. मामांनी जन्मभर मेंढरं राखलेली. आता गुडघे साथ देत नाहीत, म्हणून ते रोज सकाळी दोन तास वाचनालयात बसायचे.

शेवटच्या गल्लीतल्या एका म्हातारीनं सोमवारी माझ्यादेखत चिठ्ठी टाकली. पाणी सोडणारा माणूस वरच्या गल्लीला पाळी नसताना पाणी देतो, असं त्यात लिहिल्याचं तिनंच मला सांगितलं. बुधवारी त्याच माणसानं तिला नळावर टोमणा मारला की, आजकाल म्हाताऱ्यांना बी लिहायला यायला लागलं म्हणं. गुरुवारी पेटी उघडली. बाकी चिठ्ठ्या होत्या, तिची नव्हती. कुलूप मात्र शाबूत.

घरी जाऊन मी हिशेब मांडला. पहिल्या चाकाच्या दहा शक्यता. त्यातल्या प्रत्येकीबरोबर दुसऱ्याच्या दहा, म्हणजे शंभर. तिसरं चाक धरलं की हजार, चौथं धरलं की दहा हजार. एका प्रयत्नाला दहा सेकंद धरले तरी सगळे आकडे फिरवायला सत्तावीस तासांच्या वर लागतात. वाचनालय उघडं दोन तास, तेही मामांच्या नजरेखाली. म्हणजे अंदाजानं कुणी उघडलं नव्हतं. ज्याला आकडा माहीत होता, त्यानंच उघडलं होतं.

हे सगळं मी पत्रकात छापलं. मामांचं नाव लिहिलं नाही. शेवटची ओळ फक्त अशी होती: "आकडा दोघांनाच माहीत होता. त्यांतली एक मी." ही ओळ लिहिताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. पत्रकं एसटीतून तालुकाभर गेली.

दुसऱ्या दिवशी मामांनी वाचनालयाची किल्ली आमच्या ओट्यावर ठेवली आणि निघून गेले. हॉटेलात लोक त्यांना विचारायला लागले, मामा, चिठ्ठीत काय होतं ते आमाला बी सांगा की. मामांनी हॉटेलात जाणं सोडलं. मी त्यातूनही अर्थ काढला. चोर नसता तर तोंड लपवलं असतं का?

चौथ्या दिवशी मी पिठाच्या गिरणीत ज्वारी घेऊन उभी होते. मामा आले. पेटीचं कुलूप त्यांच्या हातात होतं; किल्ली देण्याआधीच त्यांनी ते काढून घेतलं असणार. माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. रांगेतल्या एका बाईपुढं कुलूप धरून म्हणाले, "वैनी, ह्या पोरीनं लावल्यालं कुलूप हाय. उघडतंय का बगा."

बाईनं पिठाचा हात पदराला पुसला, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि चाकं फिरवली. बी. एक. चार. सात. कुलूप उघडलं.

"एवढी गणितं करती, अन् दारावरचाच नंबर लावला व्हय?" ती म्हणाली. सगळी रांग हसली.

नवं गाव वसलं तेव्हा कुणाची जमीन किती, त्याप्रमाणं घरांचे ए, बी, सी असे गट पडले आणि दारांवर नंबर आले. लग्नाच्या पत्रिकेवर तोच पत्ता, हाक मारतानाही तोच. मी लहानपणापासून 'बी एकशे सत्तेचाळीसची'. विसरायला नको, म्हणून मी तोच आकडा लावला होता.

मामा तेव्हा माझ्याकडं वळले. "पोरी, तुज्या घराचा नंबर ठाव न्हाय असा एक माणूस ह्या गावात दाखव. मग म्या चोर."

माझा गुणाकार बरोबर होता, पण तो कधी करायचा ते मी विसरले होते. प्रत्येक चाक मोकळं असेल, पुढचा आकडा मागच्यावर अवलंबून नसेल, तरच दहाला दहानं गुणायचं. इथं घर ठरलं की चारही चाकं ठरत होती. आणि पेटी सांभाळणारी घरं दोनच, माझं आणि मामांचं. दहा हजारांच्या जागी शक्यता उरल्या दोन, आणि कुणीही आधी माझंच घर लावून बघितलं असतं.

चिठ्ठी कुणी काढली, ते अजून कळलेलं नाही. पाणी सोडणाऱ्या माणसावरचा माझा संशय गेलेला नाही. पण आता छापण्याआधी मी माझ्या हिशेबाकडंही तशाच संशयानं बघते.

मी चूक कबूल करणारं दुसरं पत्रक काढलं. मामा तरीही आले नाहीत. किल्ली आमच्याच कोनाड्यात आहे. पहिलं पत्रक कुठवर पोचलं असेल, ते मला माहीत नाही. ते तुमच्याकडं आलं असेल, तर ठेवू नका. त्याच्या कोऱ्या पाठीवर 'हिशेब चुकला, मामा निर्दोष' एवढं लिहा आणि ज्यानं तुम्हाला ते दिलं, त्याच्याच हातात परत द्या.