आधी मेंढरं, मग म्हशी

चाकणच्या मागच्या माळावर आमचा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तळ, दरवर्षी काही दिवस पडतो. दर खेपेला माळ थोडा आकसलेला असतो. कुठल्या तरी कंपनीची भिंत पुढे आलेली असते. यंदा पाण्याला एकच तळं उरलं होतं, आणि तिथेच गावच्या गवळ्याच्या म्हशीही यायच्या.

मी निगडीला राहून कॉलेज करते. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेली मी पहिलीच. शनिवारी तळावर गेले, तर आदल्या दिवशीच भांडण झालेलं. गवळ्याचं म्हणणं, आमची मेंढरं गवत बुडापासून खातात. वडिलांचं म्हणणं, त्याच्या म्हशी पाणी ढवळतात, आणि गढूळ पाण्याला मेंढरू तोंड लावत नाही. काठ्या उगारण्यापर्यंत गेलं होतं. वडील तळ हलवायच्या विचारात होते. पण पुढचं पाणी दोन दिवसांच्या वाटेवर, आणि आठ-दहा कोकरं नुकतीच जन्मलेली. ती पोचली नसती.

मला वाटलं, आपण काहीतरी करावं. वहीच्या पानावर वेळा लिहिल्या: आठ ते दहा म्हशी, मग तासभर पाणी निवळायला, अकरा ते एक मेंढरं. गवळी गावचा, म्हणून पहिला मान त्याला. त्याच्या मुलाने वाचून होकार दिला. वडिलांनीही मान हलवली. शिकलेली मुलगी सांगतेय म्हणून मानलं असावं.

रविवारी आठला म्हशी पाण्यात बसल्या. अकरा वाजले तरी उठेनात. मुलाने हाका मारल्या, खडे मारले. आमची मेंढरं काठावर तोंडं वर करून उभी. आईने घोड्यावर बिऱ्हाड लादायला घेतलं.

मी मेंढरांत वाढले. म्हशींचं मला काहीच ठाऊक नव्हतं. तसं सांगायला मी बांधावर बसलेल्या म्हाताऱ्या गवळ्याकडे गेले.

"काका, वेळा मी चुकीच्या लिहिल्या."

तो हसला. "म्हस एकदा बसली की उन्हं कलल्याबिगर उठती व्हय? कालेजात ह्ये शिकवत न्हाईत वाटतं."

मग तो आमच्या कोकरांकडे बघत राहिला. थोड्या वेळाने त्याने वडिलांना हाक मारली. "पाव्हणं, उद्यापास्नं आधी तुमची मेंढरं पाजा. म्हशी मी धरतो. पर दोन राती माझ्या मका काढलेल्या रानात बसवायची." मेंढरं रात्रभर बसली की लेंड्यांनी रानाला खत होतं.

"एक रात बसवतो," वडील म्हणाले.

"मग म्हशी बसल्यात, बसू द्या."

वडील दोन दिवसांत पहिल्यांदा हसले. दोन राती ठरल्या. चराईचंही तिथेच ठरलं: वरचा उतार आमचा, तळ्याकडचं गवत म्हशींचं. त्या दिवसापुरता गवळ्याने गोठ्यातला हौद भरून दिला. आईने घोड्यावरचं ओझं उतरवलं.

वाडा आणखी सहा दिवस राहिला. निघताना दोन कोकरं आईने पाटीत घेतली, बाकीची आपल्या पायांनी चालली, असं वडिलांनी फोनवर सांगितलं. पुढल्या वर्षी यायच्या आधी कळवा, म्हणजे तुमची मेंढरं पिईपर्यंत म्हशी गोठ्यात बांधतो, असं गवळी म्हणाला म्हणे.