काही नाही म्हणजे किती

त्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांपेक्षा कंपाउंडरबाईंचा दरारा जास्त. बावीस वर्षं कुत्री-मांजरं काट्यावर चढवून, टॉवेलात गुंडाळून, कान पुसून आणि नखं कापून बाईंचं एक ठाम मत झालं होतं. जनावरं शहाणी असतात, त्यांना पाळणारे तेवढे बिनडोक.

आणि बाहेर बाकावर नंबर लावून बसलेली मंडळीही ते मत रोज खरं करायलाच आल्यासारखी येत. दारातून जेमतेम आत मावणारा कुत्रा, आणि त्याची मालकीण सांगणार की हा काही खातच नाही हो. कुणी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मांजराला डोकेदुखीची गोळी भरवलेली. कुणी कुत्र्याच्या कानात तेल ओतून त्याचा चिखल करून आणलेला. बाई केसपेपर पुढे ओढत आणि विचारत, "घरी काय दिलंत?" उत्तर ठरलेलं, काही नाही. मग बाई चष्म्यावरून बघत म्हणत, "काही नाही म्हणजे किती?" समोरच्याची ततपप होई आणि सगळं भडाभडा बाहेर येई. आत डॉक्टर हसत.

घरी बाई आणि एक करडी मांजरी, एवढाच संसार. नवरा गेल्यापासून बाई गोड बोलत त्या फक्त तिच्याशी. जीव होता त्यांचा तिच्यावर, पण दवाखान्यात कुणाला त्याचा वासही लागू दिला नव्हता.

एका रविवारी करडीला पिसवांनी हैराण केलं. बाईंकडे दवाखान्यातून आणलेली एक नळी होती, मानेवर टाकायच्या औषधाची, मोठ्या कुत्र्यासाठीची. खोक्यावर कुत्र्याचं चित्र होतं आणि खाली बराच मजकूर. तो बाईंनी वाचला नाही. असले मजकूर बाकावरच्या लोकांसाठी असतात, आपल्याला काय त्याचं, असा त्यांचा तोरा. मानेवरचे केस बाजूला करून त्यांनी सराईत हाताने नळी पिळली.

सोमवारी सकाळी करडी थरथरत पडली होती. कान फडफडत होते, पाय ताठले होते. केराच्या डब्यातून खोकं काढून त्यांनी वाचलं. मांजरांना लावू नये. बारीकही नव्हतं ते, चांगलं ठळक, लाल. बाईंनी खोकं पुन्हा डब्यात घातलं आणि वर भाजीची सालं लोटली. इतकी वर्षं लोकांची अक्कल काढणाऱ्या बाईंना त्या क्षणी सुचलं ते एवढंच.

दवाखान्यात पोचल्या तेव्हा बाक भरलेलं होतं. जाड्या कुत्र्याची मालकीण सरकली आणि बाई आयुष्यात पहिल्यांदा तिथे बसल्या. डॉक्टरांनी लगेच आत घेतलं, पण गडबडीत दार उघडंच राहिलं.

"घरी काही दिलंत का, बाई?"

"काही नाही."

आवाज अगदी त्या मालकिणीसारखा निघाला. मग मेंदूचं काहीतरी असेल, रक्त तपासू, असं म्हणून डॉक्टर सुई शोधू लागले. रक्ताच्या रिपोर्टला दुपार होते, हे बाईंइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. करडीला पुन्हा झटका आला. डॉक्टर थांबले. त्यांनी बाईंकडे चष्म्यावरून पाहिलं. हसत नव्हते.

"काही नाही म्हणजे किती?"

"नळीभर," बाई म्हणाल्या. "कुत्र्याची. मोठ्या कुत्र्याची. मीच लावली."

बाहेर बाकावर सगळ्यांनी ते ऐकलं. डॉक्टरांनी झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं आणि कोमट पाणी, भांड्यांचा साबण मागवला. बाईंनी स्वतःच्या हातांनी मांजरी धुतली, दोनदा, तिसऱ्यांदा, डोळ्यांतलं पाणी न पुसता. तासाभराने थरथर उतरली. करडीने डोळे उघडून बाईंचं बोट चाटलं.

पुसायला टॉवेल हवा होता. तो धरून जाड्या कुत्र्याची मालकीण शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाई, माझा खातो हो. दिवसातून पाच वेळा. मीच भरवते."

बाईंनी सवयीने तोंड वाकडं करायला घेतलं. ते झालं नाही. त्यांनी टॉवेल घेतला.