जेल पेनच्या चिठ्ठ्या

विमलाबाई एकतीस वर्षं शनिवार पेठेतून पुरातत्त्वाच्या संस्थेत कामाला जात होत्या. उत्खननातून आलेली माती पाण्यात चाळायची आणि चाळणीत राहिलेल्यातून चिमट्यानं बारीक हाडं वेचायची. माशाचा मणका, बेडकाच्या पायाची नळी, उंदराचा दात. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी घालायची: कुठला खड्डा, कितवा थर. ती शिसपेन्सिलीनंच लिहायची, कारण हाडांत ओल राहते, शाई फुटते. हा नियम नव्या मुलींना त्याच शिकवत. "चिठ्ठी नसली, तर हे हाड आणि मांजरानं अंगणात टाकलेलं हाड सारखंच गं," म्हणत.

या हिवाळ्यात त्यांना पेन्सिलीचं फिकट अक्षर दिसेना. सांगितलं तर काम जाईल, म्हणून त्यांनी गुपचूप नातीचं जेल पेन आणलं. ठळक निळं अक्षर पाहून त्यांना हायसं वाटलं. त्या पेनानं दोनशे सतरा पिशव्या झाल्या.

मे महिन्यात संस्थेतल्या हाडांच्या अभ्यासक ऋतिका मॅडम त्या पिशव्या घेऊन अभ्यासाला बसल्या. "विमलाबाई, जरा ही चिठ्ठी वाचता?"

विमलाबाईंनी चिठ्ठी खिडकीपाशी नेली. नुसता निळा डाग. आपल्या डोळ्यांचाच दोष, असं त्यांना वाटलं. अखेर त्या म्हणाल्या, "मला दिसत नाही हो, मॅडम."

"मलाही दिसत नाहीये."

हिवाळ्यापासूनच्या सगळ्या पिशव्या उघडल्या. सगळीकडे तेच.

"छान! आता उंदरांनाच विचारा, कुठल्या थरातले आपण," भांडारातले श्यामसुंदर म्हणाले. कुणी हसलं नाही. तेही मग खाली बघू लागले.

खड्डे केव्हाच बुजवले होते. मॅडम हळूच म्हणाल्या, "तुम्हाला आठवत असेल ना? अंदाजानं लावू."

विमलाबाईंनी एक इवलासा जबडा तळहातावर घेतला. तो वेचल्याचा दिवससुद्धा त्यांना आठवत होता.

"हाड आठवतंय. थर नाही. उगाच सांगितलं तर खोटं होईल."

शेवटी 'थर माहीत नाही' अशा चिठ्ठ्या घालायचं ठरलं. त्या विमलाबाईंनीच लिहिल्या, पेन्सिलीनं. अक्षर दिसत नव्हतं, पण हाताला सवय होती. तीन दिवस लागले. शेवटची पिशवी बांधून त्यांनी आपला चिमटा श्यामसुंदरांच्या टेबलावर ठेवला.

"अहो, उद्या लागेल की तुम्हाला."

 दारापाशी विमलाबाई पायानं चाचपत चपला शोधत होत्या.