खिशातलं पेन, झाडाखालचा पेन

पुलगावच्या फलाटावर माय रडली नाही. आर्वीच्या लहान गाडीनं आम्ही रोहण्याहून आलो होतो आणि नागपूरची गाडी समोर उभी होती. मी वसतिगृहाच्या शाळेत निघालो होतो, असेन दहाएक वर्षांचा. ती एवढंच म्हणाली, "पेनाची याद ठेवजो, बाबू." आम्हा गोंडांच्या बोलीत पेन म्हणजे देव.

शाळेत दुसरं पेन भेटलं, शाईचं. पुढे नागपुरातच कचेरीत चिकटलो आणि ते कायमचं खिशाला लागलं. आमचे साहेब शब्दांचे शौकीन. ते सांगायचे, इंग्रजांचं पेन म्हणजे मुळात पीस, पूर्वी पिसानंच लिहीत. मग मी आमचा पेन सांगायचो: त्याचा पिसाशी काडीचा संबंध नाही, नुसता आवाज सारखा, तो इंग्रज यायच्या कितीतरी आधीपासून ऐनाच्या झाडाखाली बसलाय. सगळे माना डोलवायचे आणि मी फुगायचो.

गावातल्या भावांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, आता त्या फुगण्याची लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यात बऱ्याच वर्षांनी आमच्या कुळाच्या पेनाची पूजा झाली. मी बायको-पोरांना घेऊन गेलो. पंगती बसल्या. वसतिगृहातला जुना सोबती दिसला आणि मी आनंदानं त्याच्या शेजारी टेकलो. आम्ही सात देवांना मानणारे, तो सहा देवांचा. सात देवांची कुळं आपसांत भाऊ, त्यांची एक पंगत. सहा देवांचे आमचे सोयरे, त्यांच्याशी आमची लग्नं होतात, त्यांची पंगत वेगळी. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही कळतं. सोयऱ्यांच्या बाया गोंडीत काहीतरी बोलून खो-खो हसल्या. मला एक शब्द समजला नाही. मीही हसलो.

बाबा वाढता वाढता थांबले. "काऊन रे, सोयऱ्याईत काऊन बसून राह्यला?"

कान तापले. पत्रावळ उचलायची की तिथंच ठेवायची, तेही सुचेना. त्यांनी मनगट धरून मला भावांच्या पंगतीत नेलं आणि माझ्या पोरांदेखत म्हाताऱ्यांना हात जोडले. "माफ करा जी. लहानपणी गेलता थो. तितलाच लहान राह्यला."

त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

घर कुठलं म्हणून कोणी विचारलं, तर मी अजून रोहणाच सांगतो, पण सांगताना मान खाली जाते. घर म्हणजे आता ती जागा, जिथं कुठं बसायचं हे मला कोणीतरी हाताला धरून दाखवावं लागतं. बाबा आहेत तोवर दाखवतील.